बॉसचा जाच आणि आपण: गोव्यात नोकरी करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी बरीच वर्षं एचआरला काढली, आधी हॉटेल लाइनमध्ये कांदोळी-कळंगुटच्या पट्ट्यात, मग वेर्ण्याला एका कारखान्यात. त्यामुळे लोक लग्नात, बसमध्ये, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळीखाली (गणपतीवर बांधलेल्या फळा-पानांच्या छताखाली) बसल्यावर सुद्धा तोच विषय काढतात, "गो, आमचा साहेब असा असा वागतो, काय करू?" शेवटी म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू. आधीच सांगते, साहेबाला सुधरवायचं कसं याचं उत्तर खाली कुठेच नाही, चाळिशी ओलांडलेला माणूस हाताखालच्या पोरांच्या सांगण्यावरून सुधरलेला मी तरी पाहिला नाही. आपला पगार, आपली झोप आणि पुढची नोकरी त्याच्या तावडीतून कशी वाचवायची एवढंच बघायचंय.

साहेब नुसता कडक आहे की खरंच जाच करतोय, कसं ओळखायचं?

दोन गोष्टी बघा. काम बरोबर झालं की ओरडणं थांबतं का, आणि सगळ्यांना तोच नियम आहे का. किचनमधले शेफ सर्विसच्या वेळी कोणालाच सोडत नाहीत, पण रात्री शेवटचं टेबल उठलं की तोच माणूस सगळ्यांना जेवायला बसवतो आणि दुसऱ्या दिवशी मनात काही ठेवत नाही. ते छान आहे असं मी म्हणत नाही, पण तो वेगळा आजार.

जाच करणारा एकाला धरतो. "तुझी एन्ट्री चुकली" हे कामाबद्दल झालं, "सत्तरी तालुक्यातून आलेल्यांना काय कळणार" यात काम कुठे आलं? आणि सगळ्यात फसवा साहेब म्हणजे जो ओरडतच नाही. मीटिंगला बोलवायचं नाही आणि मग विचारायचं का आला नाहीस, सकाळी एक सांगायचं संध्याकाळी दुसरं, हातातलं काम काढून घेऊन दिवसभर रिकामं बसवायचं, रजेचा अर्ज ड्रॉवरमध्ये टाकून ठेवायचा, रोस्टरमध्ये त्याच एकाला ब्रेक शिफ्ट लावत राहायचं, म्हणजे सकाळी आठ ते बारा आणि परत संध्याकाळी सहा ते दहा, आता रात्री दहाला कळंगुटहून वाळपईला जायला बस कुठली मिळणार हे त्यालाही माहीत असतं. यातली एकेक गोष्ट बाहेरच्याला सांगितली तर "एवढंच ना?" असं वाटतं, आणि तो नेमका त्याच भरवशावर असतो. म्हणून हे सगळं तारखेवार लिहून ठेवावं लागतं, त्याबद्दल खाली सांगते.

नेटवरचे सल्ले बघितले, "सरळ तोंडावर बोला, नाहीतर सोडा". इथे चालतं का ते?

ते बहुतेक मोठ्या शहरातल्या लोकांनी लिहिलेले असतात. तिथे नोकरी सोडली की माणूस गर्दीत नाहीसा होतो. इथे साहेबाची बायको तुमच्या मावशीच्या गावची निघते, आणि सकाळी पणजीत दिलेली तक्रार संध्याकाळी साखळीच्या बाजारात पोचलेली असते. याचा त्रास सगळ्यांना माहीत आहे, फायदा कोणी बघत नाही. साहेबालाही इथेच राहायचंय, त्यालाही देवळाच्या जत्रेला त्याच लोकांसमोर उभं राहायचंय. त्यामुळे भांडणापेक्षा शांतपणे लिहिलेलं पत्र त्याला जास्त टोचतं, भांडलात तर "पोरगा तापट आहे" म्हणून सुटतो, पत्राला उत्तर द्यावं लागतं.

दुसरी गोष्ट सीझन. हॉटेल, शॅक, टॅक्सी, वॉटर स्पोर्ट्स, या धंद्यात ऑक्टोबरपासून मालकाला माणूस हवा असतो आणि जून लागला की तोच माणूस जड होतो. काही मागायचं असेल, शिफ्ट बदलून, डिपार्टमेंट बदलून, तर नाताळच्या आधी मागा. नोव्हेंबरात जे ऐकून घेतलं जातं तेच जुलैत बोललात तर "उद्यापासून येऊ नको" होतं. कारखान्यात, बँकेत हे लागू नाही, तिथे वर्षभर सारखंच.

आणि जे बाहेरून येऊन कंपनीच्या स्टाफ क्वार्टरमध्ये राहतात त्यांनी तर आधी झोपायची सोय बघावी मग तोंड उघडावं. नोकरी गेली की त्याच संध्याकाळी खोली खाली करायला लावतात.

सगळ्यांसमोर ओरडतो. त्या क्षणी काय बोलू?

कमीत कमी. तोंडातून जे पहिलं येतं ते गिळा कारण नंतर चौकशीत तेच एक वाक्य पुढे येतं, त्याची शंभर वाक्यं कोणाला आठवत नाहीत. मी लोकांना दोन-तीन ठरलेली वाक्यं पाठ करायला सांगते. "सर, काय दुरुस्त करायचं ते सांगा, मी करून देतो." "सर, हे आपण केबिनमध्ये बोलूया का?" आणि शिवी आली तर, आवाज न चढवता, "सर, कामाबद्दल बोला, आईवरून नको." हे तिसरं वाक्य सगळ्यांना ऐकू जाईल एवढं मोठ्याने म्हणायचं पण रागाने नाही. अवघड आहे, घरी आरशासमोर म्हणून बघा, हसू नका, खरंच फरक पडतो.

रडू आलं तर येऊ दे, बाथरूमला जाऊन या, त्याने काही बिघडत नाही. सॉरी मात्र ज्याची चूक नाही त्याची म्हणू नका. आपल्याकडे सवयच आहे, समोरचा मोठा माणूस चिडला की आधी सॉरी म्हणून मोकळं व्हायचं, आणि मग मेमोमध्ये "कर्मचाऱ्याने चूक कबूल केली" असं येतं.

अंगावर हात टाकला, फाइल किंवा ताट फेकून मारलं, दार लावून कोंडून ठेवलं, तर तो प्रश्न ऑफिसचा राहिला नाही. तिथून बाहेर पडा, लागलं असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या, आणि ११२ आहे.

लिहून ठेवा लिहून ठेवा सगळे म्हणतात, नक्की काय लिहू?

तारीख, वेळ, जागा, कोण कोण हजर होतं, आणि त्याचे शब्द जसेच्या तसे. "साहेब वाईट बोलले" याला काही किंमत नाही. "मंगळवारी सकाळी ९:४० ला रिसेप्शनवर, दोन गेस्ट आणि बेलबॉय समोर असताना, म्हणाले की तुला झाडू मारायला ठेवलं पाहिजे" याला आहे. शिव्या सुद्धा तशाच लिहा, टिंब टिंब नको. घरी साध्या वहीत लिहा, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर किंवा ऑफिसच्या मेलवर नाही, कारण ज्या दिवशी काढतात त्या दिवशी पहिला पासवर्ड बंद होतो.

त्याच्या जोडीला एक सवय लावा. तोंडी सांगितलेलं काम लगेच व्हॉट्सअपवर किंवा मेलवर परत लिहून पाठवायचं, "सर, आत्ता बोलल्याप्रमाणे स्टॉकचा रिपोर्ट शुक्रवारपर्यंत देतो, आणि शनिवारची डिलिव्हरी रमेश बघेल." झालं. यात तक्रार कुठेही नाही, कोणाला राग येण्यासारखं काही नाही, पण पुढच्या आठवड्यात "मी असं बोललोच नव्हतो" म्हणायची सोय संपते. सकाळ-संध्याकाळ बोलणं बदलणाऱ्या साहेबांवर याच्याइतका चालणारा इलाज मला माहीत नाही.

अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, रोस्टरचे फोटो, कोणी कधी शाबासकी दिली असेल तर तो मेल, गेस्टने नाव घेऊन लिहिलेला रिव्ह्यू, हे सगळं स्वतःकडे ठेवा. कंपनीची गुप्त माहिती, गिऱ्हाइकांच्या याद्या, रेट वगैरे मात्र घरी पाठवू नका, त्यावरूनच तुम्हाला काढतील आणि मग तुमची बाजू कितीही खरी असो.

गुपचूप रेकॉर्डिंग केलं तर?

जे बोलणं तुमच्याशीच चाललंय ते तुम्ही रेकॉर्ड करणं वेगळं, आणि दुसऱ्यांच्या केबिनमध्ये फोन ठेवून येणं वेगळं, दुसरं अजिबात करू नका. कंपनीच्या नियमांत आवारात रेकॉर्डिंगला बंदी असेल तर त्यावरून तुमच्यावरच कारवाई होऊ शकते, आधी तो कागद वाचा. केलंच असेल तर मूळ फोन जपा, क्लिप कापू नका, ग्रुपवर टाकू नका. इन्स्टावर टाकून मोकळं झालेले लोक मी पाहिलेत, दोन दिवस लाइक मिळतात, नंतर वकिलाची नोटीस येते आणि मुलाखतीला गेलं की समोरचा तोच व्हिडिओ बघून बसलेला असतो.

एचआरकडे जाऊ का? ते तर कंपनीचेच.

कंपनीचेच. माझा पगार कंपनीच देत होती. तरीपण जायचं, फक्त कशासाठी जातोय ते माहीत पाहिजे. एचआर तुमचं दुःख ऐकून हलत नाही (मनातून हळहळतो, पण हलत नाही), कंपनीला पुढे त्रास होणार असं दिसलं की हलतो. म्हणून "साहेब खूप टॉक्सिक आहेत" असं सांगू नका. "या सहा महिन्यांत हाउसकीपिंगमधून चार जण सोडून गेले, या तीन तारखांना गेस्टसमोर असं असं झालं, मला पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या सुपरवायझरखाली शिफ्ट हवी" असं सांगा. काहीतरी ठोस मागा. नुसती तक्रार दिली की एचआर दोघांना बसवून चहा पाजतो आणि मिटलं म्हणतो, मी स्वतः असे चहा पाजलेत, वरून तसंच सांगायचे.

तोंडी बोलून आलात तरी घरी येऊन मेल करा, "आज आपण बोललो त्याप्रमाणे". मेल इंग्रजीतच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही, मराठीत लिहा, साधं लिहा, एक पान पुरे. दोघं-तिघं मिळून सही करणार असाल तर उत्तमच, एकट्याला वेडा ठरवता येतं.

नव्या औद्योगिक संबंध संहितेत २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असायला हवी असं आहे, मालकाची आणि कामगारांची माणसं सारखी, आणि तक्रारीवर ३० दिवसांत काम संपवायचं. तुमच्याकडे ती आहे का हे नुसतं विचारलंत तरी ऑफिसात जरा हालचाल होते.

मालक स्वतःच बॉस असेल, फोंड्या-म्हापशाच्या दुकानात असतो तसा, तर एचआर कुठला. तिथे मालकाच्या घरातला कोणीतरी समंजस माणूस शोधायचा, बहुतेक ठिकाणी म्हातारे वडील किंवा हिशेब बघणारी वहिनी, त्यांच्या कानावर घालायचं. हा सल्ला कुठल्या पुस्तकात नसेल पण गोव्यात चालतो.

याविरुद्ध कायदा आहे का?

नुसत्या जाचाविरुद्ध, म्हणजे टोमणे, अपमान, वाळीत टाकणं, असा एक वेगळा कायदा भारतात नाही. हे आधी स्वीकारा म्हणजे वकिलाकडे जाऊन निराश होणार नाही. तुकड्यातुकड्याने मात्र बरंच आहे. जिवाची किंवा बदनामीची धमकी दिली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१, मारलं तर ११५. जातीवरून चारचौघात अपमान केला आणि तुम्ही अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, तो कडक आहे. नुसतं कामावरून झापलं तर पोलिसांत जाऊन उपयोग नाही, फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की वरिष्ठाने कामाच्या संदर्भात दिलेली तंबी हा जुन्या भारतीय दंड संहितेच्या ५०४ कलमाखाली हेतूपूर्वक अपमानाचा गुन्हा होत नाही.

खरा हात सापडतो तो पगारात आणि तासांत. जाच करणारा साहेब बहुतेक वेळा हे नियम पण मोडत असतो. दुकानं, हॉटेलं, ऑफिसं यांना गोव्याचा १९७३ चा दुकाने आणि आस्थापना कायदा आहे, त्यात कामाचे तास आणि आठवड्याची सुट्टी ठरलेली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात नेमणूकपत्र देणं सक्तीचं आहे आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर. "तो माझा अपमान करतो" हे सिद्ध करायला वर्ष जाईल, "मला ओव्हरटाइम दिला नाही" हे रोस्टर आणि स्लिप दाखवली की संपलं. लेबर कमिशनरचं ऑफिस पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात आहे. मॅनेजर लोकांना तिथे फारसं काही मिळत नाही, कारण सुपरवायझरचं काम करणारा आणि महिना १८,००० च्या वर पगार असलेला माणूस औद्योगिक संबंध संहितेच्या हिशेबात कामगार धरला जात नाही. पण नुसतं पदाचं नाव "एक्झिक्युटिव्ह" दिलं म्हणून कोणी मॅनेजर होत नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतात.

वकिलाला पैसे नसतील तर १५१०० ला फोन करा, तो कायदेविषयक मोफत मदतीचा नंबर. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

साहेबाचं बोलणं-वागणं बाई म्हणून त्रास देणारं आहे, तर?

मग वरचं सगळं बाजूला ठेवा, इथे पक्का कायदा आहे, २०१३ चा, ज्याला सगळे पॉश म्हणतात. अंगचटीला येणं एवढंच त्यात नाही, घाणेरडे विनोद, रात्रीचे मेसेज, कपड्यांवर बोलणं, "माझ्याबरोबर चांगली राहिलीस तर प्रमोशन" असं सुचवणं, आणि नाही म्हटल्यावर सुरू झालेला जाच, हे पण येतं. दहा किंवा जास्त लोक असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवीच, प्रमुख बाई, निम्म्या तरी बायका, आणि एक बाहेरची व्यक्ती. दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती, त्याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करायची. घरकाम करणाऱ्या बायका सुद्धा तिथे जाऊ शकतात.

मुदत लक्षात ठेवा, घटनेपासून तीन महिने, एकामागून एक घटना असतील तर शेवटच्यापासून. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते पण त्यावर विसंबू नका. तक्रार लेखी, चौकशी ९० दिवसांत. चौकशी चालू असताना तुम्ही स्वतःची किंवा त्याची बदली मागू शकता, तीन महिन्यांपर्यंत रजा पण मागू शकता, आणि ही रजा तुमच्या नेहमीच्या रजेतून कापत नाहीत. नावं बाहेर सांगायला बंदी आहे, गोव्यात हे किती पाळलं जातं ते तुम्हाला माहीत आहे, पण पहिल्याच दिवशी समितीला लेखी लिहून द्या की गुप्तता पाळा, मग फुटलं तर जबाबदार कोण ते ठरतं. आणि पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय, या भीतीने गप्प बसू नका.

एक गोष्ट खास आपल्याकडची. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कारवाईच रद्द केली, कारण चौकशी घाईघाईत उरकली होती आणि समोरच्याला नीट बाजू मांडू दिली नव्हती, नव्याने करा म्हणून सांगितलं, आणि त्याच निकालात देशभर अशा समित्या खरंच आहेत का ते तपासायला लावलं. तक्रार करणाऱ्या बाईने यातून काय घ्यायचं तर समिती नीट बसते का, नोटिसा नीट निघतात का, याच्यावर तुम्हीही लक्ष ठेवा. कच्ची चौकशी शेवटी तुमच्याच मुळावर येते.

रात्री अकराला मेसेज, रविवारी फोन, आणि चवथीला रजा नाही. काय करायचं?

मेसेज वाचा, पण उत्तर सकाळी ड्युटीच्या वेळी द्या, "गुड मॉर्निंग सर, आत्ता बघतो". एक-दोनदा भडकेल. रोज रात्री लगेच उत्तर देणाऱ्यालाच रोज रात्री मेसेज येतो, ही सवय दोघांनी मिळून लावलेली असते. खरंच आणीबाणी असेल, पाइप फुटला, गेस्ट आजारी पडला, तर मेसेज कशाला, फोन येईल, तो घ्या.

चवथीचा विषय मात्र वेगळाच. मुंबईहून बदली होऊन आलेल्या मॅनेजरला कळतच नाही की इथे माणूस बाकी काहीही सोडेल पण चवथीला मूळ घरी गेल्याशिवाय राहणार नाही. त्याला वाटतं एक दिवसाचा सण. म्हणून जुलैतच लेखी अर्ज द्या, पाच दिवस नको, नेमके कुठले दोन दिवस अडवता येणार नाहीत ते लिहा, आणि त्या दिवसांना तुमच्या जागी कोण उभा राहील त्याचं नावही तुम्हीच द्या. आपल्याकडे ही सोय छान आहे, तुमची चवथ त्याने सांभाळायची, त्याचा नाताळ तुम्ही. माझ्या हॉटेलात सगळं रोस्टर याच्यावर चालायचं आणि एकही मॅनेजर त्यात नाक खुपसायचा नाही. असं असूनही मुद्दाम तुमचाच अर्ज फेटाळला आणि बाकीच्यांचे पास केले, तर वहीत लिहा, हा चांगला पुरावा आहे.

सरकारी ऑफिसात आहे. बॉस म्हणतो सीआर (वर्षाचा गोपनीय अहवाल) खराब करीन, काणकोणला फेकीन.

बदलीची भीती गोव्यात जरा जास्तच घेतली जाते, पेडण्यापासून काणकोण फार तर अर्धा दिवस, गडचिरोली नाही ते. (रोज येऊन-जाऊन करायचं असेल तर हाल आहेत, मान्य.) सीआरचं म्हणाल तर २००८ च्या देव दत्त निकालापासून प्रत्येक शेरा, नुसता वाईटच नाही, कर्मचाऱ्याला कळवावा लागतो. मिळाल्यावर मुदतीत लेखी म्हणणं द्या, केंद्राच्या सूचनेत ती १५ दिवसांची आहे, म्हणजे वेळ काढू नका. वर्षभर केलेल्या कामाची यादी जोडा. आणि माहितीचा अधिकार तुम्हालाही आहे, तुमच्याच अर्जावर काय कार्यवाही झाली हे मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

"आत्ताच्या आत्ता राजीनामा लिहून दे, नाहीतर टर्मिनेट करतो" म्हणतायत.

सही करू नका. केबिनमध्ये तिघं जण बसवून, फोन बाहेर ठेवायला लावून, अर्ध्या तासात हे उरकतात, मला ती खोली माहीत आहे. "मला घरी विचारायचंय, उद्या सांगतो" म्हणा आणि उठा. स्वतःहून राजीनामा दिला असं कागदावर आलं की नंतर काढून टाकलं हे सांगणं फार कठीण जातं. सही होऊन गेली असेल तर त्याच रात्री मेल करा की दबावाखाली घेतली, मी राजीनामा मागे घेतोय. तो मेल किती वाजता गेला याला नंतर फार महत्त्व येतं.

स्वतःच सोडायचं ठरवलंय. पगार, पीएफ, सर्टिफिकेट अडवतील का?

अडवायचा प्रयत्न करतील. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिल्यावर किंवा काढल्यावर हिशेबाचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे, हे वाक्य मेलमध्ये लिहा. नोटीस पीरियड मात्र शक्यतो भरा किंवा कागदात लिहिल्याप्रमाणे पैसे कापून घ्या सांगा, मध्येच गायब झालात तर त्यांच्या हातात आयतं कोलीत मिळतं. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी, शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. पाचाला दोन-तीन महिने कमी असतील तर दात-ओठ खाऊन तेवढे काढा, साहेबासाठी एवढे पैसे सोडायचे नसतात.

पीएफ साहेबाच्या हातात नाही. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी युएएन (तुमच्या पीएफ खात्याचा नंबर) पोर्टलवर तुम्ही स्वतः टाकू शकता. मूळ सर्टिफिकेट आणि पासपोर्ट ठेवून घ्यायचा कोणालाच हक्क नाही, नोकरीला लागतानाच झेरॉक्स द्या आणि ओरिजिनल दाखवून परत घ्या. "आमच्यानंतर दुसऱ्या हॉटेलात जायचं नाही" अशी अट असेल तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ आहे, नोकरी सोडल्यावर तशी अट टिकत नाही.

नवीन ठिकाणी तो वाईट सांगेल की.

सांगेल. म्हणून नाव त्याचं देऊ नका, आधीच्या मॅनेजरचं किंवा दुसऱ्या डिपार्टमेंटच्या हेडचं द्या. मुलाखतीत जुन्या साहेबाबद्दल एक शब्द वाईट बोलायचा नाही, "शिकायला मिळालं, आता पुढे जायचंय". इथे हॉटेलवाले एकमेकांना ओळखतात, तुमचा साहेब कसा आहे ते त्यांना तुमच्याआधी माहीत असतं.

जहाजावर आहे, सिनियर छळतो, समुद्रात एचआर कुठून आणू?

तारवटींच्या, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या, घरचे हे नेहमी विचारतात. एमएलसी २००६ (मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन) नावाचा जहाजावरच्या कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात जहाजावरच तक्रार करायची पद्धत ठरलेली असते आणि त्याची प्रत करारपत्राबरोबर प्रत्येकाला द्यावी लागते, ती शोधा. सरळ कॅप्टनकडे जायची मुभा आहे, बंदरात बाहेरच्या अधिकाऱ्यांकडे सुद्धा, आणि तक्रार केली म्हणून सूड घ्यायला बंदी. भारतात हे डायरेक्टर जनरल ऑफ शिपिंगच्या खाली येतं, ते मुंबईला. घरच्यांनी ज्या एजंटमार्फत पाठवलं त्याचं लायसन्स आणि फोन नंबर स्वतःकडे ठेवावा, तिकडे नेट नसतं तेव्हा इथून पाठपुरावा घरच्यांनाच करावा लागतो.

झोप लागत नाही, रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधडतं.

हे मनाचं काहीतरी म्हणून सोडू नका. १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर, चोवीस तास, फुकट, आपल्या भाषेत बोलता येतं. बांबोळीला आयपीएचबी, म्हणजे सरकारी मनोरुग्णालय, आहे, ओपीडीत दाखवता येतं, "तिथे गेलेलं कोणी बघितलं तर" ही भीती सोडा, तिथे भेटलेला माणूस पण स्वतःसाठीच आलेला असतो. डॉक्टरांना सांगा की त्रास कामावरून सुरू झाला, म्हणजे ते कागदावर येतं, रजेलाही उपयोगी पडतं. छातीत दुखत असेल तर मात्र आधी हृदयाचं तपासून घ्या, साहेबाच्या डोक्यावर खापर फोडून बसू नका. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर आज, आत्ता फोन करा, आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

दारूने झोप येते असं वाटतं, येत नाही, पहाटे तीनला जाग येते आणि तोच साहेब डोक्यात.

घरचे म्हणतात चांगली नोकरी आहे, सहन कर.

त्यांचं पण चूक नाही, २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली-सत्तरीकडच्या कितीतरी घरांनी ट्रकचे हप्ते अंगावर घेऊन दिवस काढलेत, महिन्याच्या महिन्याला येणारा पगार त्यांना सोडवत नाही. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा आकडा दाखवा, घरखर्च एवढा, कर्जाचा हप्ता एवढा, बँकेत एवढे महिने चालेल इतके आहेत, आणि अमुक महिन्यापर्यंत दुसरं शोधतो. निदान चार महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय रागाच्या भरात सोडू नका. आणि ज्या दिवशी एवढे पैसे जमतात त्या दिवसापासून साहेबाचं ओरडणं कमी लागायला लागतं, हे मला कितीतरी जणांनी सांगितलंय.

मला नाही, बाजूच्या टेबलवरच्या पोरीला त्रास देतो. मी मध्ये पडू का?

साहेबावर धावून जाऊ नका, तिचंच नुकसान होतं. तो ओरडत असताना तिथून उठून जाऊ नका एवढं करा, साक्षीदार बसलेला दिसला की आवाज थोडा खाली येतो. नंतर तिला विचारा, जेवायच्या सुट्टीत बरोबर बसा, आणि तुम्ही काय ऐकलं ते स्वतःच्या वहीत तारखेसकट लिहा. पुढे चौकशी झाली तर तिला विचारून, तुम्ही त्या वेळी तिथे होता आणि हे शब्द ऐकले, एवढं दोन ओळींत लिहून सही करा. माझ्या टेबलावर आलेल्या तक्रारी बहुतेक करून साक्षीदार नाही म्हणूनच बंद झाल्या, आणि खोलीत तेव्हा सहा-सात माणसं असायची.